दुसरं वाचन

पाराबाईला सगळे पाराबाई म्हणत, आणि त्याला दोन कारणं होती. एक तर ती थर्मामीटर तपासायच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतला पारा वाचायची. उभं आयुष्य तेच काम. दुसरं म्हणजे तिचा स्वतःचा पारा चढायला काडीचंही निमित्त लागायचं नाही. टीव्हीवरची बाई ‘आज तापमान फारच गरम आहे’ म्हणाली, की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘अगं बये, तापमान जास्त असतं! गरम असतो तो चहा!’’ ‘आमच्या मुलाने क्वांटम उडी मारली हो,’ असं कुणी कौतुकाने फोनवर सांगितलं, की ही विचारायची, ‘‘म्हणजे डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढीशी ना?’’ नातेवाईक तिला टरकून असायचे.

बरं, बाई स्वतः तरी साळसूद होती का? छे! प्रयोगशाळेतले शब्द घरी नेऊन वाटेल तसे वापरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पारा अगदी समोरून न बघता तिरक्या नजरेने वाचला तर आकडा चुकतो, त्याला पॅरालॅक्स म्हणतात. नणंद आपल्या संसाराकडे कशी बघते हे सांगताना ती एवढंच म्हणायची, ‘पॅरालॅक्स आहे हो तिला, जन्मापासून.’ जावई ‘टॉलरन्समध्ये’ होता, म्हणजे चालवून घेण्याइतपत. प्रयोगशाळेतला शिपाई ‘नुसती स्थितिज ऊर्जा’ होता, कारण तो स्टुलावरून उठलेला कुणी पाहिला नव्हता. आणि भांडण मिटवण्याला ती म्हणायची ‘झिरो करणं’. रोज सकाळी प्रत्येक थर्मामीटर आधी कुटलेल्या बर्फात बुडवून तो शून्यावर येतो का बघतात आणि मगच पुढचं काम सुरू होतं, त्यावरून हे आलं.

दुसऱ्यांनी शब्द वापरले की चूक, आणि हिने वापरले की गंमत, असा न्याय होता. तो न्याय बिनबोभाट मान्य असलेली जगात एकच बाई होती. ती म्हणजे बर्फबाई.

बर्फबाई तिची जोडीदारीण. सकाळचा बर्फ कुटायचं काम तिच्याकडे होतं, आणि स्वभावही तसाच, थंड. ती कधी आवाज चढवायची नाही की कुणाला तोडून बोलायची नाही. पाराबाई तडतडली, की ही नुसती मान हलवून ‘असू दे गं’ म्हणायची, आणि पाराबाई निवायची. दोघी एकदमच नोकरीला लागल्या, एकाच खोलीत बसल्या, एकाच टेबलावर डबे खाल्ले. पाराबाईच्या लेकीला बोलता यायला लागलं तेव्हा बर्फबाईला ती ‘मावशी’च म्हणाली. सख्खी मावशी दुसरी कुठे होती?

आता त्यांचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. ‘वाचनाची खोली’ म्हटलं की बाहेरच्यांना वाटायचं तिथे पुस्तकं असतील. पुस्तक औषधालाही नव्हतं. मधोमध पाण्याची काचेची टाकी, पाणी सतत घुसळणारं एक यंत्र, आणि टाकीत टांगलेले थर्मामीटर. टाकीसमोर दोन छोट्या दुर्बिणी, दोन स्टुलं, आणि स्टुलांच्या मधे पातळ फळीचा आडपडदा. पहिलीने दुर्बिणीतून पारा वाचायचा, उठून भिंतीतल्या छोट्या खिडकीपाशी जायचं आणि पलीकडे बसलेल्या खिडकीवाल्याला आकडा हळूच सांगायचा. मग दुसरीने वाचायचा, तिने जाऊन सांगायचा. एकीचा आकडा दुसरीला कळता कामा नये. दोघींचा आकडा एका बारीक फरकाच्या आत आला तर खिडकीवाला म्हणायचा, ‘जुळलं.’ नाही आला, तर तो खिडकीतली पितळी घंटी वाजवायचा, आणि दोघींनी पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

ही दोन माणसं कशाला? तर माणूस चुकतो म्हणून. आणि गंमत अशी, की जितका काळजीने वाचणारा माणूस, तितकी त्याच्याकडून एक ठरावीक चूक होते. तो रेघेच्याही दहाव्या भागाचा अंदाज घेत असतो, सगळा जीव त्या शेवटच्या आकड्यात गोळा झालेला असतो, आणि अख्खा अंशच चुकतो. सदतीसच्या जागी छत्तीस वाचतो. पुढचं सगळं बिनचूक. प्रयोगशाळेत या चुकीला ‘डोक्यावरचा चष्मा’ म्हणत, घरभर चष्मा शोधायचा आणि तो डोक्यावर असतो तसं. सगळ्यांच्या हातून ती कधी ना कधी होते. पण दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातून, एकाच थर्मामीटरवर, एकाच वेळी? ते होत नाही. म्हणून तर दुसरं वाचन.

या दोघींची घंटी कधी वाजायचीच नाही. सुरुवातीला वाजली असेल तेवढीच. खिडकीतली ती घंटी काळी पडली होती. बाहेरून कुणी पाहुणे आले की साहेब कौतुकाने सांगायचे, ‘‘आमच्या या दोघी. एका डोळ्याने बघतात.’’ पाराबाई वरवर ‘काहीतरीच काय साहेब’ म्हणायची आणि आतून फुलून जायची. नवरा-बायकोत, भावा-भावात, सासू-सुनेत रोज घंट्या वाजतात. आपली आणि हिची नाही वाजत, याचा तिला केवढा अभिमान!

मग साहजिकच ‘दुसरं वाचन’ हा शब्दही खोलीबाहेर पडला. साडी घ्यायची, ‘अगं, दुसरं वाचन दे.’ लेकीसाठी स्थळ आलं, ‘बघून ये, मला तुझं वाचन हवंय.’ बर्फबाई बघायची, थोडा वेळ घ्यायची, आणि म्हणायची, ‘जुळतंय.’ बस. पाराबाईचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा मात्र साडीची आणि स्थळाची गोष्ट नव्हती. पाराबाईचा नवरा आजारी पडला तेव्हाची ती गोष्ट. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, पण खात्री दिली नाही. निभावलं तर काही वर्षं मिळतील, नाहीतर टेबलावरच. दीर म्हणाला, ‘वहिनी, करून टाका, संधी सोडू नका.’ नवरा म्हणाला, ‘तू ठरव.’ तू ठरव! पाराबाई आठवडाभर झोपली नाही. तिला वाटत होतं, नको. या माणसाचे हाल नकोत, घरी असू दे. पण आपल्याला वाटतंय ते बरोबर आहे की आपण घाबरलोय, हे तिचं तिला कळेना. तेव्हा तिने रिपोर्टांची जाड फाईल बर्फबाईपुढे ठेवली आणि म्हणाली, ‘‘मी काय ठरवलंय ते बाजूला ठेव. ही फाईल घरी ने, नीट वाच, तुझ्या त्या डॉक्टर भाच्याला विचार. आणि तुझं स्वतःचं वाचन दे. माझ्याकडे बघून बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे.’’

दुसऱ्या दिवशी बर्फबाईने फाईल परत आणली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘जुळतंय गं.’’

नवरा घरीच गेला, स्वतःच्या पलंगावर. दिराने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. ‘हिने माझ्या भावाला वाचवलं नाही,’ असं तो चार लोकांत म्हणाला. पाराबाईने ते ऐकून घेतलं. एरवी कुणाचं अर्धं वाक्य खपवून न घेणारी ती, पण हे तिने पचवलं, कारण तिच्याकडे तो एक शब्द होता. आपण एकटीने नाही ठरवलं, आणखी दोन डोळ्यांनी स्वतंत्र बघितलं आणि तेच दिसलं. रात्री मध्येच जाग आली की ती तो शब्द मनात घोळवायची आणि कूस बदलायची.

अलीकडे तिच्या उजव्या डोळ्यात काहीतरी होत होतं. दुर्बिणीतल्या बारीक रेघा मधेच पाण्यात हलल्यासारख्या हलायच्या. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त बर्फबाईला. ‘‘हे बघ, माझा डोळा ड्रिफ्ट व्हायला, हळूहळू चुकत जायला लागला तर मला नाही कळणार. स्वतःचं स्वतःला कळत नाही. पण तुझ्याशी जुळेनासं झालं, की घंटी वाजेल. घंटी वाजली, की मी आपणहून स्टुलावरून उठेन. कुणी मला उठवायची वेळ येऊ देणार नाही.’’

‘‘असू दे गं,’’ बर्फबाई म्हणाली. ‘‘तुझा डोळा ठणठणीत आहे. वाजतेय का घंटी?’’

नव्हती वाजत. पाराबाई निर्धास्त झाली.

आणि मग एक दिवस तो थर्मामीटर परत आला.

इस्पितळात नवजात बाळांना ऊबेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीसाठी तो तपासून दिलेला होता. इथून त्याच्यासोबत कळवलं होतं, की हा एक अंश कमी दाखवतो, दाखवेल त्यात एक मिळवा. तिथली नर्स हुशार. तिने तो पेटीतल्या जुन्या थर्मामीटरशेजारी ठेवून बघितला, दोन्ही एकच दाखवत होते. तिने तो न वापरताच परत पाठवला आणि फोनवर साहेबांना विचारलं, ‘‘तुमचं ऐकून मी एक अंश मिळवला असता तर ऊब कमी केली असती. बाळं गारठली असती ना?’’

साहेब भले माणूस. ते वाचनाच्या खोलीत आले आणि थर्मामीटर पुढे ठेवत म्हणाले, ‘‘घाबरू नका. तुमच्या दोघींचं वाचन मी काढून बघितलंय. छत्तीस चार तीन आणि छत्तीस चार चार. स्वतंत्र वाचनं आणि जुळलेली. म्हणजे तुमच्याकडून चूक नाही. प्रवासात काच हलली असेल, पारा तुटून जुळला असेल. मी तसं कळवतो त्यांना.’’

‘‘तेच असणार,’’ बर्फबाई म्हणाली.

सगळे गेल्यावर पाराबाईने तो थर्मामीटर टाकीत टांगला, टाकी त्याच तापमानाला आणली, काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारली, आणि दुर्बिणीला डोळा लावला. सदतीस चार तीन. पुन्हा बघितलं, डाव्या डोळ्याने बघितलं. सदतीस चार तीन. काच बदलली असती, पारा तुटला असता, तर शेवटचे आकडे कसे तेच राहतील? बरोब्बर एक अख्खा अंश काही काचेने बदलत नाही. डोक्यावरचा चष्मा! तिचाच. तिनेच सदतीसचं छत्तीस केलं होतं.

‘अरे देवा,’ असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. चूक तिची होती, ठीक आहे, होते चूक. पण पुढच्याच क्षणी दुसरा प्रश्न आला. मग बर्फबाईनेही छत्तीस कसं वाचलं?

ती बराच वेळ त्या स्टुलावर बसून राहिली. आडपडद्याची ती पातळ फळी तिच्या खांद्याला लागत होती. आणि तिला स्वतःची एक खोड आठवली. खोड कसली, खोलीतला जुना विनोदच तो. आकडा विसरू नये म्हणून ती खिडकीपाशी पोचेपर्यंत तोंडातल्या तोंडात पुटपुटत जायची. सदतीस चार तीन, सदतीस चार तीन. बर्फबाईच त्यावरून तिला चिडवायची, ‘जप झाला का?’ आणि पहिलं वाचन नेहमी पाराबाईचंच. बर्फबाईला बर्फाचं आवरायचं असायचं, म्हणून कुणी न ठरवता तसा पायंडाच पडला होता.

‘नाही,’ तिने स्वतःला बजावलं. ‘पाराबाई, हे तुझं पॅरालॅक्स आहे. अशी तिरकी बघू नकोस. ती तुझ्या लेकीची मावशी आहे.’

पण एकदा मनात आलेलं जातंय कुठे? त्या रात्री ती जेवली नाही, लेकीचा फोन आला तर ‘डोकं दुखतंय’ म्हणाली.

सकाळी नेहमीसारखं काम सुरू झालं. बर्फबाईने बर्फ कुटला, शून्य बघून झालं, दोघी आपापल्या स्टुलांवर बसल्या. पाराबाईने पहिला थर्मामीटर वाचला. अठ्ठावीस एक दोन. ती उठली आणि खिडकीकडे चालू लागली, तोंडाने पुटपुटत, ‘अठ्ठावीस सहा दोन, अठ्ठावीस सहा दोन.’ जिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, तिलाच ती खोटा आकडा ऐकवत होती. खिडकीपाशी ती वाकली आणि खिडकीवाल्याच्या कानात खरा आकडा सांगितला.

देवा, हिला एक दोन म्हणू दे, असं ती मनात म्हणत होती. एक दोन, एक तीन, एक एक, काहीही. मी दिवसभर हिची माफी मागेन. हिला आवडतात तसली फुलं घेऊन येईन, कारण नाही सांगणार.

पलीकडे बर्फबाई थोडा वेळ बसली. बघण्याइतका वेळ घेतला तिने. मग उठली, खिडकीपाशी गेली, आणि तिच्या त्या थंड आवाजात म्हणाली, ‘‘अठ्ठावीस सहा तीन.’’

खिडकीवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. मग त्याने घंटी वाजवली.

काळी पडलेली असली तरी काय खणखणीत वाजली ती! शिपाईसुद्धा स्टुलावरून उठून दारात आला. बर्फबाई वळली. पाराबाई तिच्याकडेच बघत होती. एवढ्या वर्षांत दोघींना एकमेकींकडे बघून काही सांगावं लागत नसे, तसं आजही लागलं नाही. बर्फबाई तडक बर्फाच्या खोलीत निघून गेली.

पाराबाईने आधी खिडकीत डोकं घातलं. ‘‘तुम्हांला माहीत होतं?’’

खिडकीवाला चष्मा पुसू लागला. ‘‘मला वाटायचं तुमच्या दोघींचं ठरलेलं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘खरंच सांगतो बाई. मला वाटायचं, तुम्ही तिला ऐकू जावं म्हणूनच पुटपुटता.’’

तोंडात मारल्यासारखी ती मागे सरली. म्हणजे याच्या लेखी आपण दोघी चोर!

बर्फाची खोली लहानशी, जाड दाराची. बर्फबाई लाकडी मोगरी घेऊन फडक्यातला बर्फ उगाचच कुटत होती. आणखी बर्फाची काही गरज नव्हती.

‘‘केव्हापासून?’’ पाराबाईने विचारलं.

‘‘आठवत नाही गं.’’

‘‘ठेव ती मोगरी! केव्हापासून?’’

बर्फबाईने मोगरी ठेवली. ‘‘माझी मान धरायची तेव्हापासून. दुर्बिणीपाशी वाकवत नव्हतं. एक-दोन दिवस तुझं ऐकून सांगितलं. बरोबरच असायचं तुझं. तू कधी चुकायची नाहीस. मग… मग तसंच चालू राहिलं.’’

‘‘आणि तो शेवटचा आकडा? कधी एक जास्त, कधी एक कमी. तो कशाला?’’

बर्फबाईने पुन्हा मोगरीकडे हात नेला.

‘‘बोल ना!’’

‘‘अगदी सारखं सांगितलं असतं तर खिडकीवाल्याला कळलं असतं.’’

मानेचं दुखणं पाराबाईने समजून घेतलं असतं, आळस झाला असं म्हणाली असती तरी शिव्या देऊन झिरो केलं असतं. पण तो एक बारीकसा आकडा! रोज, प्रत्येक थर्मामीटरला, ही विचार करून ठरवत होती, की आज एक वर की एक खाली. एवढी मेहनत खोटेपणाला, आणि डोळा लावायला नको.

‘‘मी तुला डोळ्याचं सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. आवाज चढलाच नाही, तिचं तिलाच नवल वाटलं. ‘‘घंटी वाजत नाही म्हणून मी बसून राहिले. किती थर्मामीटर गेले असतील माझ्या या डोळ्याने वाचलेले? त्या नर्सने बघितलं नसतं तर?’’

‘‘तू उठली असतीस गं,’’ बर्फबाईला रडू फुटलं. ‘‘तुला घरी बसवायचं माझ्या जिवावर आलं. भाऊजी गेल्यावर तुझ्याकडे दुसरं होतं काय? मला वाटलं, माझं जुळतंय तोवर तू आहेस. तुझ्यासाठीच केलं मी.’’

‘भाऊजी गेल्यावर’ म्हणाली ही. तो आपल्या नवऱ्याचा उल्लेख होता. कालपासून ज्या प्रश्नाला ती मनाच्या उंबऱ्याशी अडवून धरत होती, तो आता आत शिरला.

‘‘एक विचारते,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तुला शपथ वगैरे घालत नाही, घातली होती एकदा. ती फाईल. यांची. ती तू वाचली होतीस?’’

बर्फबाईने पदराने तोंड झाकलं.

‘‘भाच्याला दाखवली होतीस?’’

‘‘तुझा चेहरा बघितला होता मी,’’ पदराआडून आवाज आला. ‘‘तू ठरवलंच होतंस. मी वेगळं काही बोलले असते तर तू मोडून पडली असतीस. पिशवीतून नेली, पिशवीतूनच परत आणली.’’

बर्फाच्या भांड्यातून पाणी ठिबकत होतं. पाराबाई भिंतीला टेकून उभी राहिली. दीर बरोबर होता की चूक, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. डॉक्टर भाच्याने फाईल बघून काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक. ‘करा ऑपरेशन’ म्हटलं असतं? ‘नको’ म्हटलं असतं? इतकी वर्षं ती ते दोघींनी खांद्यावर वाटून घेतलेलं ओझं समजत होती. ते सगळं पहिल्यापासून तिच्या एकटीच्याच खांद्यावर होतं. तिने एकटीने बघितलं होतं, तेही रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

‘‘झिरो कर ना गं,’’ बर्फबाई म्हणाली. ‘‘एवढ्या वर्षांचं आपलं… एकदा झिरो कर.’’

पाराबाईने तिच्याकडे बघितलं. समोरून, सरळ, दुर्बिणीतून बघावं तसं. या बाईच्या मांडीवर आपली लेक झोपायची. या बाईने नवरा गेला त्या दिवशी आपल्याला घास भरवला होता. ते सगळं खरं होतं की ऐकून केलेलं होतं, याचाही आता काही भरवसा उरला नव्हता.

‘‘नाही होणार,’’ ती म्हणाली, आणि दार लोटून बाहेर पडली.

साहेबांच्या टेबलावर इस्पितळाला पाठवायचं उत्तर टाइप होऊन पडलं होतं. काच हलली, पारा तुटला वगैरे. पाराबाईने तो परत आलेला थर्मामीटर त्यावर ठेवला.

‘‘हे पाठवू नका, साहेब. थर्मामीटर चांगला आहे. मी छत्तीस वाचलं, ते सदतीस होतं.’’

‘‘अहो, पण दुसरं वाचन होतं ना,’’ साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘‘जुळलं होतं तुमचं.’’

‘‘दुसरं वाचन नव्हतंच,’’ पाराबाई म्हणाली. ‘‘माझ्याकडून गेलेले सगळे परत मागवा. कुणाला तरी बसवून पहिल्यापासून वाचायला लावा. आणि माझा डोळा बिघडलाय, तो तपासायला मी आत्ता निघालेय. परत त्या स्टुलावर बसणार नाही.’’

साहेब उभे राहिले. बाहेर खिडकीवाला आणि शिपाई कान देऊन होते, आणि त्यांच्या मागे बर्फबाई येऊन थांबली होती, ओले हात पदराला पुसत.

‘‘पण असं कसं? तुमची दोघींची एवढी जोडी…’’

‘‘आमचं कधीच जुळलं नव्हतं, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘मी एकटीच बोलत होते.’’

मग तिने पिशवी उचलली, आणि बर्फबाईच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, जिना उतरायला लागली. आज तिच्या ओठांवर कसलाही आकडा नव्हता. खाली रस्त्यावर आल्यावर तिने आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि समोरची पाटी वाचता येते का ते बघत थोडा वेळ तिथेच उभी राहिली. नीट वाचली की नाही, हे विचारायला शेजारी कुणी नव्हतं.